पुनरावृत्ती आणि अवधान : बालवर्तनातील एका लक्षणाचा इतिहास

एखादे मूल डब्याचे झाकण जमिनीवर गरगर फिरवीत तासन्‌तास बसते. दुसरे मूल एका जागी क्षणभर टिकत नाही. ते उठते, बसते, पाय हलविते, पाटीवर पेन्सिल आपटत राहते. दोन्ही मुले एकच क्रिया पुनःपुन्हा करीत असतात, एवढे पाहणाऱ्याच्या सहज ध्यानात येते. परंतु पहिल्याच्या वर्तनास आजचे शास्त्र स्वमग्नतेचे लक्षण मानते आणि दुसऱ्याच्या वर्तनास अवधान-न्यूनतेचे व अतिचंचलतेचे. ही विभागणी निसर्गात आयती सापडलेली नव्हे. ती सुमारे दोन शतकांच्या अवधीत शाळा, रुग्णालये, आश्रयगृहे आणि निदानपुस्तिका यांच्या हातून घडत गेली. तिच्या घडणीकडे बारकाईने पाहिले असता एक गोष्ट प्रकर्षाने दृष्टीस पडते. मूल हे असे का करते, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. ते थांबवावे कसे, हा मात्र प्रारंभापासून विचारला जात होता.

ह्या विषयाचा विचार व्हिएन्ना, बाल्टिमोर किंवा लंडन येथून सुरू करण्याचा प्रघात आहे. महाराष्ट्रातील अभ्यासकाने तो थळ घाटाच्या माथ्यावरून, इगतपुरीहून सुरू करावयास हरकत नाही. लोहमार्गाने मुंबईपासून सुमारे १३७ किलोमीटरवर आणि नाशिकपासून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेल्या ह्या तालुक्यात, घाटाच्या कडेकपारीतील आदिवासी वस्त्यांत, अंगणवाड्या चालतात. इ. स. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. तो झाला घाटाखालच्या पालघर येथे. ह्या कार्यक्रमाच्या योजनेनुसार तालुक्याची फिरती वैद्यकीय पथके अंगणवाडीतील मुलांस वर्षातून दोन वेळा व शाळेतील मुलांस एक वेळ तपासतात. तपासावयाच्या ३० विकारांच्या यादीत दृष्टिदोष, हृदयविकार, कुपोषण इत्यादींबरोबर स्वमग्नता व अवधान-न्यूनता यांच्याही दोन स्वतंत्र नोंदी आहेत. म्हणजे इगतपुरी तालुक्यातील एखाद्या पाड्यावरील बालकाच्या हातवाऱ्यांना वैद्यकीय अर्थ देण्याचा अधिकार शासनाने प्रथमच घराजवळ आणून ठेवला. हा अधिकार ज्या जागी वापरला जातो, ती जागा मात्र अगदी वेगळ्या परंपरेतून आलेली आहे. त्या परंपरेची हकीकत सांगितल्याशिवाय पुढील विवेचनास अर्थ राहणार नाही.

अंगणवाडी ही कल्पना ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या बोर्डी आणि कोसबाड येथील प्रयोगांतून आली, हे सर्वश्रुत आहे. ताराबाई ह्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सहवासात बालशिक्षणाकडे वळल्या. इ. स. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि १९४५ मध्ये बोर्डीस ग्राम बालशिक्षणाचे कार्य सुरू झाले. ह्या सर्व खटाटोपामागे मारिया माँटेसरीची शिकवण होती. त्या शिकवणीच्या मुळाशी तर पुनरावृत्तीचेच एक दृश्य आहे. रोमच्या सान लोरेंझो वस्तीत इ. स. १९०७ मध्ये उघडलेल्या बालगृहात सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातील दट्ट्ये काढून पुन्हा आपापल्या खोबणीत बसवीत होती. भोवतालच्या मुलांना गाणी म्हणावयास लावली, तिला खुर्चीसकट उचलून मेजावर ठेवले, तरी तिचे काम थांबले नाही. चाळीसहून अधिक वेळा तीच क्रिया केल्यावर ती आपण होऊन थांबली, आणि झोपेतून ताजेतवाने होऊन उठावे तशी प्रसन्न दिसली. माँटेसरीने यात विकृती पाहिली नाही. अवधानाचा जन्म येथे होतो, असे तिने मानले, आणि बालकाच्या पुनरावृत्तीत शिक्षकाने व्यत्यय आणू नये हा आपल्या पद्धतीचा नियम केला.

ही दृष्टी माँटेसरीस कोठून मिळाली, हेही पाहण्यासारखे आहे. रोममध्ये इ. स. १९०० च्या सुमारास ती मंदबुद्धी ठरविलेल्या मुलांत काम करीत होती आणि त्यासाठी तिने एदुआर सेगँचे फ्रेंच ग्रंथ अभ्यासले होते. सेगँ हा जाँ इतारचा शिष्य. आणि इतार म्हणजे आव्हेराँच्या अरण्यात सापडलेल्या व्हिक्टर नावाच्या मुलास शिकविण्याचा प्रयत्न करणारा पॅरिसचा वैद्य. इ. स. १८०१ च्या त्याच्या वृत्तांतात हा मुलगा पिंजऱ्यातील जनावराप्रमाणे सारखा पुढेमागे डुलत असे, अशी नोंद आहे. त्याच काळात पिनेलसारख्या थोर वैद्याने त्यास असाध्य ठरविले होते. इतारने त्याला शिकविता येईल असे धरून सुमारे पाच वर्षे घालविली. म्हणजे ज्या शिक्षणपरंपरेने निरोगी बालकाच्या पुनरावृत्तीस प्रतिष्ठा दिली, तिची साधने मुळात डुलणाऱ्या, न बोलणाऱ्या मुलांसाठी तयार झालेली होती. शिक्षणशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा दुवा बहुधा एका ओळीत उरकला जातो. तो त्याहून अधिक जागेस पात्र आहे.

वैद्यकाने दुसरी वाट धरली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लिओ कॅनर याने इ. स. १९४३ मध्ये ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने ज्या दोन गोष्टींवर भर दिला त्यांत माणसांपासूनचा अलिप्तपणा ही एक आणि परिस्थिती जशीच्या तशी राहावी हा चिंताग्रस्त हट्ट ही दुसरी. त्याच्याकडे आलेले पहिले मूल डोनाल्ड. त्याच्या वडिलांनी पाठविलेले ३३ पानांचे टंकलिखित पत्र घेऊन हा मुलगा १९३८ मध्ये कॅनरपुढे आला. तो गोल वस्तू फिरवीत बसे, ठोकळे ठराविक क्रमानेच मांडी, आणि दिनक्रमातील लहानसा बदलही त्यास सहन होत नसे. कॅनरच्या वर्णनात एक सूक्ष्म गोष्ट आहे, तिच्याकडे पुढे दुर्लक्ष झाले. फिरणाऱ्या वस्तूकडे पाहताना मुलाच्या मुखावर आनंद दिसतो, हे त्याने लिहून ठेवले होते. पुढल्या पिढीतील तज्ज्ञांनी ह्या आनंदाची नोंद गाळली आणि हट्टाची तेवढी ठेवली. डोनाल्ड पुढे आपल्या गावच्या बँकेत नोकरीस लागला, गोल्फ खेळला, एकट्याने दूरदूर प्रवास केला आणि २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी निधन पावला.

व्हिएन्नाच्या हान्स आस्पेर्गर याचा १९४४ चा निबंधही येथे महत्त्वाचा आहे. (त्याने नाझी राजवटीशी केलेल्या सहकार्याचे पुरावे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून त्याचे नाव निःशंकपणे घेता येत नाही.) आपल्या पाहण्यातील मुलांच्या ठिकाणी अवधानाचाही दोष आहे, असे त्याने स्पष्ट म्हटले होते. त्याच्या मते ह्या मुलांचे लक्ष बाहेरच्या गडबडीने विचलित होत नाही. ते आतल्या आत, स्वतःच्या आवडीच्या विषयाकडे ओढले जाते. आज दोन वेगळ्या नोंदींत विभागलेल्या गोष्टी त्या निबंधात एकाच मुलाच्या वर्णनात एकत्र नांदत होत्या.

अवधानाच्या विकाराचा इतिहास याहून जुना, पण अधिक विस्कळित आहे. स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्राइटन याने इ. स. १७९८ मध्ये मनाच्या अस्वस्थ चंचलतेवर लिहिले; लंडनच्या जॉर्ज स्टिलने १९०२ च्या व्याख्यानांत तिला नैतिक नियंत्रणाचा अभाव म्हटले; बर्लिनच्या क्रामर व पोल्नो यांनी १९३२ मध्ये तिला अतिचलनाचा रोग मानले. नाव बदलले की दोष कोणाचा हेही बदलत गेले : कधी मुलाच्या शीलाचा, कधी मेंदूच्या सूक्ष्म इजेचा. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९६८ मध्ये अतिचलन हा शब्द पुढे होता, १९८० मध्ये अवधान पुढे आले, आणि १९८७ मध्ये दोन्ही एकत्र जोडली गेली.

औषधांच्या बाबतीत तर विलक्षण विसंगती आढळते. ऱ्होड आयलंडमधील चार्ल्स ब्रॅडली याने १९३७ मध्ये बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध वर्तनदोष असलेल्या मुलांस दिले, तो त्यांपैकी पुष्कळ मुले शांत होऊन अभ्यासात रमली. डेन्मार्कमधील रँड्रप व मुंकवाड यांनी पुढे १९६० नंतरच्या दशकात त्याच वर्गातील औषध अधिक मात्रेत प्राण्यांस टोचले, तेव्हा ते प्राणी एकच निरर्थक हालचाल न थांबता करू लागले. एकच द्रव्य एका मात्रेत अवधान स्थिर करते आणि दुसरीत वर्तनास साच्यात अडकविते. अवधान व पुनरावृत्ती यांची मुळे मेंदूत एकमेकांस लागून आहेत, ह्याची ही पहिली सबळ खूण होती. परंतु स्वमग्नतेचे व अतिचंचलतेचे अभ्यासक त्या काळी एकमेकांची नियतकालिके क्वचितच वाचीत असावेत, असे वाटल्यावाचून राहत नाही.

ह्या दुराव्यास १९८७ मध्ये नियमाचे रूप मिळाले. निदानपुस्तिकेच्या त्या वर्षीच्या आवृत्तीने स्वमग्नतेच्या वर्गातील मुलास अवधान-न्यूनतेचे निदान देऊ नये असे ठरविले, आणि १९९४ च्या आवृत्तीने तो दंडक चालू ठेवला. स्वमग्न मूल चंचल असले तर ती चंचलता स्वमग्नतेचाच भाग समजावी, असा त्यामागील विचार. तो अगदीच निराधार नव्हता. एका मुलाच्या माथी अनेक नावे मारू नयेत ही त्यातील सावधगिरी आदरणीयच होती. पण व्यवहार निराळा होता. दवाखान्यात येणारी कित्येक स्वमग्न मुले इतकी अस्थिर असत की वैद्य त्यांस चंचलतेवरील औषधे देतच असत. पुस्तिकेत निषिद्ध असलेली जोडी प्रयोगशाळेत तपासली जात होती, ह्याचा पुरावा २००५ च्या एका अमेरिकन चाचणीत आहे : स्वमग्नतेच्या वर्गातील ७२ चंचल मुलांस मेथिलफेनिडेट दिले असता सुमारे निम्म्यांस गुण आला आणि १८ टक्के मुलांत त्रासदायक परिणामांमुळे ते थांबवावे लागले. केवळ अतिचंचल असलेल्या मुलांत ह्या औषधास येणारे यश याहून पुष्कळ अधिक असते. म्हणजे दोन्ही लक्षणे एकत्र असलेले मूल हे दोन मुलांची बेरीज नव्हे. त्याची प्रकृतीच वेगळी. अखेर २०१३ च्या मे महिन्यात पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीने बंदी उठविली. त्याच आवृत्तीने पुनरावर्ती वर्तनाच्या निकषांत आवाज, स्पर्श, प्रकाश इत्यादींविषयीची तीव्र किंवा मंद संवेदनशीलताही प्रथमच घातली. पालघरचा समारंभ ह्याच वर्षाच्या फेब्रुवारीतील, हे वर आलेच आहे. जगात ज्या वेळी दोन नोंदींमधील भिंत पडत होती, त्याच वेळी येथे त्या दोन नोंदी तपासणीच्या यादीत प्रथम लिहिल्या जात होत्या.

महाराष्ट्रात ह्या मुलांचे काय होत होते? मुंबईस सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र उघडले. १९४४ मध्ये त्याच शहरात श्रीमती जय वकील यांची शाळा सुरू झाली, १९६४ मध्ये पुण्यास कामायनी, १९७७ मध्ये नाशिकला रजनीताई लिमये यांचे प्रबोधिनी विद्यामंदिर. ह्या संस्थांचे ऋण मोठे आहे. परंतु ज्या नावाखाली त्या काळी मुले दाखल होत, ते नाव मतिमंद हे एकच होते, आणि हलणारे, फिरविणारे, ओळीत मांडणारे मूल त्याच नावात सामावून जाई. भारतातील वैद्यकीय लेखनात अशा मुलांचे वर्णन १९४४ मध्येच, दार्जिलिंग येथे राहणाऱ्या रोनाल्ड नावाच्या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञाने केले होते. स्वमग्नतावाचक इंग्रजी संज्ञा येथील लेखनात १९५९ मध्ये आली. ती समाजात पोहोचावयास आणखी तीस वर्षे गेली. दिल्लीस पालकांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये स्वतंत्र संघटना उभी राहिली. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात ती आली आणि २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत तिला स्थान मिळाले. अवधान-न्यूनता त्या २१ प्रकारांत नाही.

ह्या एका वाक्याचे परिणाम व्यवहारात फार दूर जातात. स्वमग्नतेचे प्रमाणपत्र देण्यासाठी २००९ मध्ये सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने सिद्ध केलेली भारतीय मापनश्रेणी वापरली जाते. तीत ४० विधाने असून प्रत्येकास १ ते ५ गुण द्यावयाचे असतात. ७० वा अधिक गुण झाले म्हणजे स्वमग्नता मानावी असा संकेत आहे. वर्तनाच्या विभागात साचेबंद हालचालींच्या पाठोपाठ निर्जीव वस्तूंचा लळा आणि त्याच्याच पाठोपाठ अतिचंचलता ही विधाने येतात. भारतीय श्रेणीने चंचलतेस अशा रीतीने स्वमग्नतेच्या मापनात २००९ मध्येच जागा दिली होती, ही गोष्ट तिच्या कर्त्यांना भूषणावह आहे. परंतु ज्या मुलाच्या ठिकाणी केवळ चंचलता आहे, त्याचे गुण ७० पर्यंत पोहोचत नाहीत आणि त्याच्या पालकांच्या हाती कोणताही कागद पडत नाही. मोजदादीचीही हीच अडचण. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणीत पाच ठिकाणची २ ते ९ वर्षे वयाची ३,९६४ मुले तपासली गेली. त्या पाच ठिकाणांत उत्तर गोवा हे एक होते. स्वमग्नता सर्व वयांत मोजली गेली, अवधान-न्यूनता मात्र ६ वर्षांपुढील मुलांतच. याचे कारण शास्त्रीय आहे : लहान मूल चंचल असावयाचेच. पण ह्याचा अर्थ असा की अंगणवाडीच्या वयात यादीतील दोन नोंदींपैकी एकीचेच निदान काहीशा विश्वासाने करता येते.

आणि पुनरावृत्तीही लहान मूल करावयाचेच. एस्थर थेलेन ह्या अमेरिकन विदुषीने २० निरोगी अर्भकांचे पहिले वर्षभर निरीक्षण करून १९७९ मध्ये दाखविले की लाथा झाडणे, डुलणे, हात हलविणे अशा तालबद्ध हालचालींचे ४७ प्रकार त्यांच्यात आढळतात, आणि नव्या अवयव-नियंत्रणाच्या उंबरठ्यावर ते वाढतात. मराठी घरात तर पुनरावृत्ती ही संस्कृतीच आहे. पाळण्याचा झोका, जात्याची घरघर, जपमाळ, आणि पंतोजींच्या शाळेत डुलत डुलत म्हटलेली पावकी, निमकी, सवायकी, दिडकी! घोकंपट्टीस नावे ठेवणारी पिढीही पाढे डुलतच शिकली. ज्या समाजात डुलणे हे अभ्यासाचे व भक्तीचे अंग आहे, तेथे डुलणारे मूल वेगळे दिसावयास वेळ लागतो. भारतातील चार शहरांतील ९५ कुटुंबांचा अभ्यास करून टॅमारा डेली यांनी २००४ मध्ये नोंदविले की येथील आईबापांच्या मनात पहिली शंका बहुधा मुलाच्या मिसळण्यावरून येते, आणि मुलगे उशिरा बोलतात ह्या समजुतीने बोलण्यातील दिरंगाई झाकली जाते. हालचालींची तक्रार त्यामानाने मागाहून येते.

येथे एका मोहाचा उल्लेख करणे अवश्य आहे. तेराव्या शतकातील म्हाइंभटकृत ऋद्धिपूरलीळांत गोविंदप्रभूंच्या लहरी, पुनःपुन्हा घडणाऱ्या कृतींचे वर्णन आहे. गावाने त्यांस वेडे म्हटले आणि भक्तांनी ईश्वर. आधुनिक वाचकास अशा वर्णनावर एखादे निदान चिकटविण्याची इच्छा होते. ते सर्वथा गैर होय. त्या ग्रंथाचा विषय भक्तांना घडलेले दर्शन हा आहे. त्यातून रुग्णवृत्तांत निघत नाही. इतिहासकारास त्यातून एवढेच घेता येईल की एकाच कृतीचे दोन अर्थ एकाच गावात, एकाच वेळी, शेजारी शेजारी नांदू शकत होते आणि तो मनुष्य त्या गावात राहू शकत होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाश्चात्य उपचारपद्धतीने असे दोन अर्थ शिल्लक ठेवले नाहीत. लॉस एंजेलिस येथील इव्हार लोवास व त्याचे सहकारी यांनी डुलणे व हात फडफडविणे यांस स्वयं-उत्तेजन म्हटले. ते शिकण्याच्या आड येते, म्हणून मोडून काढावयाचे. प्रारंभीच्या काळात त्यासाठी थप्पड व विजेचा झटकाही वापरला गेला. त्याच्या १९८७ च्या निष्कर्षांनी अनेक पालकांना आशा दिली, हे नाकारता येत नाही. पण ज्यांचे हात धरून ठेवले गेले ती मुले मोठी होऊन लिहू-बोलू लागली, तेव्हा त्यांचे म्हणणे वेगळे निघाले. ब्रिटनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वमग्न प्रौढांनी सांगितले की ह्या हालचाली असह्य गोंगाटात किंवा भावनांच्या भरात मन सावरण्याचे साधन असतात, आणि त्या दाबण्यास फार शक्ती खर्ची पडते. दुसऱ्या बाजूने, फ्लोरिडातील मार्क रॅपोर्ट व सहकारी यांनी २००९ मध्ये दाखविले की अतिचंचल मुले स्मरणावर ताण देणाऱ्या कामाच्या वेळी अधिक हलतात; त्यांची चुळबुळ मेंदूस जागे ठेवण्यासाठी असावी. ह्या दोन निष्कर्षांचे गोत्र एकच आहे. एक मूल अति झालेला जग-संपर्क कमी करण्यासाठी हलते, दुसरे उणा पडलेला वाढविण्यासाठी. आणि ज्या मुलात दोन्ही आहेत ते बहुधा दोन्हींसाठी. सर्वच पुनरावृत्ती अशी निरुपद्रवी असते असे मात्र नव्हे. डोके भिंतीवर आपटणाऱ्या, स्वतःचा हात चावणाऱ्या मुलास थांबवावेच लागते, आणि त्यामागे दातदुखी किंवा कानदुखी नाही ना, हे आधी पाहावे लागते.

इगतपुरीच्या बाबतीत आणखी एक संस्था ध्यानात येते. सत्यनारायण गोएंका यांनी स्थापिलेले धम्मगिरी हे विपश्यना केंद्र तेथे १९७६ पासून चालू आहे. श्वासाकडे लक्ष द्यावे, ते सुटले की पुन्हा आणावे, पुन्हा सुटले की पुन्हा आणावे, ही तेथील पहिली शिकवण. मुलांसाठीही आनापानाचे वर्ग घेतले जातात. अवधान हे पुनरावृत्तीने घडते, हा माँटेसरीचा सिद्धांत येथे निराळ्या वाटेने आलेला दिसतो. ही साधना वैद्यकीय उपचारांची जागा घेऊ शकत नाही, असे केंद्राच्या परंपरेतच स्पष्ट सांगितले जाते. तेव्हा तिला स्वमग्नतेवरील किंवा चंचलतेवरील इलाज म्हणून पुढे करणारे लेखन जबाबदारीचे म्हणता येणार नाही.

फिरत्या पथकाकडे अंगणवाडीतील एका मुलासाठी काही मिनिटे असतात. त्या मिनिटांत दिसलेली हालचाल यादीतील कोणत्या नोंदीखाली लिहावी, हे पथकास ठरवावे लागते, आणि संशय आल्यास मुलास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे लागते. पाड्यावरील मातेस त्यासाठी एका दिवसाची मजुरी सोडावी लागते. अंगणवाडी सेविका मात्र त्या मुलास रोज पाहते. ते केव्हा डुलते, प्रार्थनेच्या गलबल्यात की खिचडीची वाट पाहताना. झाकण फिरविताना हसते की रडते. हाक मारल्यावर थांबते की नाही, हे तिला ठाऊक असते. माँटेसरीने सान लोरेंझोत, आणि ताराबाईंनी कोसबाडला, नेमके असेच पाहून वहीत लिहून ठेवण्याचा आग्रह धरला होता. तपासणीच्या छापील तक्त्यात त्या नोंदीसाठी एक रकाना वाढविणे अवघड नाही.